जुन्या हाय-फाय स्पीकरचे ड्रायव्हर: दुरुस्त करावेत की बदलावेत? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेली बरीच वर्षं मी छत्रपती संभाजीनगरात घरीच जुने स्पीकर दुरुस्त करतो. लातूर, नांदेड, परभणी, धाराशिव असे सगळीकडून फोटो येतात, आवाजाचं रेकॉर्डिंग येतं, आणि प्रश्न बहुतेक तेच असतात. घरात वडिलांनी किंवा चुलत्यांनी सत्तर-ऐंशीच्या दशकात घेतलेली जोडी असते: फिलिप्स, सोनोडाइन, कॉस्मिक, नाहीतर सौदी-दुबईहून कुणी आणलेली जपानी किंवा अमेरिकन. तेच प्रश्न इथं एकत्र केले आहेत. एखादी गोष्ट दुसऱ्या उत्तरात सविस्तर असेल तर तिथला क्रमांक दिला आहे. एवढं आधीच सांगतो, की ‘गेला’ म्हणून माझ्याकडे आलेले बहुतेक ड्रायव्हर गेलेले नव्हते. नवा आणायला निघण्याआधी जुना नीट तपासा.

१. ड्रायव्हर म्हणजे नेमकं काय? स्पीकर आणि ड्रायव्हर एकच का?

बोलताना आपण दोन्हीला स्पीकरच म्हणतो. लाकडी खोका म्हणजे कॅबिनेट आणि त्यात स्क्रूने बसवलेला गोल भाग म्हणजे ड्रायव्हर. मोठा तो वूफर, मधला मिड, बारका तो ट्वीटर. आत क्रॉसओव्हर नावाची छोटी पाटी असते, ती जाड आणि बारीक स्वर वेगळे करून ज्याचे त्याला पाठवते.

ड्रायव्हरची रचना १९२५ साली अमेरिकेत राईस आणि केलॉग यांनी मांडली, ती मुळात आजही तशीच आहे. मॅग्नेटमधल्या अरुंद गोल फटीत तारेची कॉइल असते. या फटीला गॅप म्हणतात. कॉइलला कोन चिकटलेला असतो. कोनाला मागून नालीदार कापडी स्पायडर धरतो आणि बाहेरच्या कडेनं सराउंड धरतो. गॅपमध्ये कॉइलच्या दोन्ही बाजूंना अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी जागा असते, आणि ती मधोमध राहते ती या दोघांच्या भरवशावर. पुढची निम्मी उत्तरं या एका गोष्टीवर उभी आहेत.

२. एका बाजूचा आवाज फाटतोय. दोष स्पीकरमध्ये आहे की अ‍ॅम्प्लिफायरमध्ये?

अ‍ॅम्प्लिफायर बंद करा, डाव्या-उजव्या स्पीकरच्या वायरी अदलाबदल करा आणि तेच गाणं पुन्हा लावा. फाटका आवाज त्याच खोक्यात राहिला तर दोष खोक्यात आहे. दुसऱ्या खोक्यात गेला तर अ‍ॅम्प्लिफायर किंवा त्याच्या मागची वायर बघा. व्हॉल्यूमचं बटण फिरवताना खरखर होत असेल तर तो बटणातला मळ असतो, कॉन्टॅक्ट क्लीनरनं जातो.

खोका ठरला, की कागदाची सुरळी करून एक टोक कानाला आणि दुसरं एकेका ड्रायव्हरसमोर धरा. कुठला बोलत नाही आणि कुठला फाटतोय ते लगेच कळतं. मुका निघाला तर प्रश्न ३, घासत असेल तर प्रश्न १०.

३. स्पीकरवर ८ ओहम लिहिलंय आणि मल्टिमीटर ६ दाखवतो. कॉइल शॉर्ट झाली का?

नाही, ती बरोबर आहे. लिहिलेले ८ ओहम गाणं वाजत असतानाच्या विरोधाचे असतात, मल्टिमीटर फक्त तारेचा विरोध मोजतो. ८ ओहमचा ड्रायव्हर साधारण साडेपाच ते सात दाखवतो, ४ ओहमचा तीन ते साडेतीन, आणि जुना १५-१६ ओहमचा दहा ते तेरा. मोजताना ड्रायव्हरची निदान एक वायर क्रॉसओव्हरपासून सोडवा, नाहीतर भलतंच रीडिंग येईल.

काटा हललाच नाही तर तार कुठंतरी तुटली आहे. पण लगेच कॉइलवर खापर फोडू नका. टर्मिनलपासून कोनापर्यंत जाणारी वेणीसारखी मऊ वायर हलून हलून टर्मिनलपाशी तुटते. तिथं सोल्डरचा एक ठिपका दिला की काम होतं. कोन हळूच दाबून मीटर बघा. रीडिंग येत-जात असेल तर हीच वायर.

वूफर जिवंत आहे का ते पेन्सिल सेलनंही कळतं. सेल क्षणभर टेकवा, कोन ‘टक्’ करून हलला पाहिजे. सेलचा धन स्पीकरच्या धनाला लावल्यावर कोन बाहेर येतो. जुन्या जेबीएलमध्ये मात्र तो आत जातो, तो दोष नव्हे, त्यांची पद्धतच तशी होती. ट्वीटरला सेल लावू नका. मीटरच्या ओहम रेंजवर त्यातून बारीक टकटक ऐकू येते, तेवढं पुरे.

४. वूफरच्या कडेचा फोम बोट लावताच भुगा होतोय. स्पीकर भंगारात काढू का?

अजिबात नको. हा सगळ्यात जास्त आढळणारा आणि सगळ्यात सोपा आजार आहे. १९७० च्या आसपास एआर, अ‍ॅडव्हेंट आणि मागोमाग कितीतरी कंपन्यांनी पॉलियुरेथेन फोमचा सराउंड वापरला. हवेतला ओलावा त्या फोमची वीण हळूहळू तोडतो, आणि ऊन व उष्णता हे काम लवकर उरकतात. आपल्याकडे चार महिने पावसाळी दमटपणा आणि मग एप्रिल-मेचं बेचाळीस-त्रेचाळीस अंशांचं तापमान, दोन्हींचा मारा बसतो. न वाजवता कपाटात ठेवलेल्या जोडीचा फोमही तितकाच गळतो.

कोन, कॉइल आणि मॅग्नेट बहुधा धडधाकट असतात. फक्त तसाच वाजवू नका. कडेचा आधार गेला की कॉइल गॅपमध्ये वाकडी चालते आणि घासून खराब होते. मग फोमचं काम कॉइलवर जातं.

५. फोम घरी बसवता येतो का? कसा?

येतो. हात स्थिर हवा आणि घाई नको.

आधी माप. ‘आठ इंची वूफरचा फोम द्या’ म्हणून मागितलेला फोम दहापैकी पाच वेळा बसत नाही. जुना फोम झडायच्या आधी चार मापं घ्या: कोनाचा बाहेरचा व्यास, फोमच्या गोलाईची आतली कड, बाहेरची कड, आणि फ्रेमवर चिकटलेल्या भागाचा बाहेरचा व्यास. फोम कोनाच्या वरून चिकटला होता की खालून, तेही लिहून ठेवा.

फ्रेमवर पुठ्ठ्याची कडी असेल तर पातळ सुरीनं अख्खी काढा, ती परत लागते. जुना फोम आणि डिंक आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या फडक्यानं सावकाश काढा. या कामात निम्मा वेळ जातो आणि जायलाच हवा. कागदाचा कोन भिजू देऊ नका.

मग डस्ट कॅप, म्हणजे मधली टोपी, धारदार ब्लेडनं कापून उचला. आत कॉइल आणि मधला लोखंडी खांब दिसतो. त्या दोघांमधल्या फटीत फिल्मच्या पट्ट्या चारही बाजूंनी सारख्या खोचा, म्हणजे कॉइल मधोमध पक्की बसते. मी जुन्या एक्स-रेच्या फिल्मच्या पट्ट्या वापरतो, जाडी नेमकी जुळते. टोपी न कापता, मंद स्वर लावून कानानं मध्य साधणारे लोक आहेत आणि त्यांचं कामही चांगलं असतं. पहिल्या खेपेला मात्र पट्ट्याच वापरा.

आधी फोम कोनाला चिकटवा आणि पूर्ण वाळू द्या. मगच फ्रेमला. फ्रेमवर टेकवल्यावर कोन अंगठ्यांनी दोन्ही बाजूंनी सारखा दाबून पाहा, घासल्याचा आवाज आला तर डिंक ओला आहे तोवर सरकवा. रात्रभर, पावसाळ्यात दोन रात्री, वाळू द्या. पट्ट्या काढा, ३० हर्ट्झचा स्वर अगदी कमी आवाजात लावा. कोन शांतपणे आत-बाहेर झाला पाहिजे, कुरकुर नको. मगच टोपी लावा.

माझा पहिला वूफर मी मे महिन्यात गच्चीवर, दुपारी अकराला करायला घेतला होता. फोम सरळ करेपर्यंत डिंकावर साय धरली, फोम तिरका बसला आणि पुढं कॉइल घासून गेली. ती जोडी एका शिक्षकांची होती, विश्वासानं दिलेली. तेव्हापासून उन्हाळ्यात हे काम मी पहाटेच करतो, खोलीत, पंखा बंद ठेवून.

६. डिंक कुठला वापरू? फेव्हिक्विक चालतं का?

फेव्हिक्विक नको. ते पातळ असल्यानं कॉइलकडे ओघळतं, वाळून काचेसारखं कडक होतं आणि त्याच्या वाफेनं काळ्या टोपीवर पांढरे डाग पडतात.

कागदी कोन आणि फोम यांच्यासाठी वाळल्यावर लवचीक राहणारा पांढरा पाण्याचा डिंक उत्तम, कारण सरकवायला वेळ मिळतो. रबरी सराउंडला रबराधारित चिकट लागतो. तो एकदा टेकला की हलत नाही, म्हणून मध्य आधी साधून घ्या. पॉलिप्रॉपिलीनच्या गुळगुळीत कोनाला पांढरा डिंक धरतच नाही, त्याला खास प्रायमर लागतो. केईएफ कंपनीच्या बी ११० ड्रायव्हरसारख्या बेक्स्ट्रीन (एक प्रकारचं प्लॅस्टिक) कोनाजवळ थिनर किंवा नेलपॉलिश रिमूव्हर नेऊ नका, कोन विरघळतो.

७. फोम पुन्हा गळणारच, मग त्याऐवजी रबर बसवलं तर?

मूळ रबर असेल तर रबर, मूळ फोम असेल तर फोम. रबर जड असतं. कोनाचं हलतं वजन वाढतं, वूफरचा स्वाभाविक कंपनांक बदलतो आणि खोक्याशी जमलेलं गणित मोडतं (ते गणित प्रश्न १३ मध्ये आहे). नवा चांगला फोम दहा-पंधरा वर्षं सहज काढतो. तेवढ्या वर्षांनी पुन्हा एक सकाळ द्यायला हरकत नाही.

८. उंदरानं कोन कुरतडलाय. कोन बदलावाच लागेल का?

चिंचोक्याएवढ्या दोन-चार भोकांसाठी नाही. संक्रांतीला मिळणारा पतंगाचा पातळ ताव घ्या, हातानं फाडून तुकडे करा, म्हणजे कडा विरळ राहतात. पांढरा डिंक पाण्यात थोडा सैल करा आणि कोनाच्या पुढून-मागून एकेक तुकडा लावा. वाळल्यावर काळ्या शाईचा हलका हात द्या. जाड कापड आणि डिंकाचा थर लावू नका, कोन एका बाजूला जड होऊन डुलतो. कोनाचा चौथा हिस्साच गेला असेल, किंवा फाट कॉइलच्या गळ्यापर्यंत आली असेल, तर मात्र नवा कोन.

उंदीर आला कुठून तेही बघा. बहुधा खोक्याच्या पुढच्या किंवा मागच्या, बेससाठी ठेवलेल्या उघड्या नळीतून. त्याच नळीत कुंभारीण माशी मातीचं घर करते, आणि मग लोक म्हणतात ‘बेस कमी झाला’. नळीच्या आतल्या टोकाला विरळ जाळी लावा.

९. कॉइल जळाली. आमच्याकडचा डीजेचे स्पीकर दुरुस्त करणारा मिस्त्री नवी कॉइल टाकून देतो म्हणतो. द्यावं का?

हा प्रश्न बीड-हिंगोलीकडून सगळ्यात जास्त येतो, म्हणून सविस्तर.

या मिस्त्रींच्या हातात कसब असतं. लग्नसराईत रोज आठ-दहा कॉइली बदलणाऱ्या माणसाचा हात तुमच्या-माझ्यापेक्षा नक्कीच बसलेला. अडचण सामानाची असते. त्यांच्याकडचा तयार कोन मोठ्या मैदानासाठी असतो: जाड कागद, कडेला कडक नालीदार कापड. तो तुमच्या घरगुती वूफरला लावला की आवाज मोठा येतो, पण खालचा बेस जातो. ‘दुरुस्त झाला पण पहिल्यासारखा नाही’ ही तक्रार इथूनच निघते.

म्हणून काम देताना हे बोलून घ्या. मूळ कोन, स्पायडर आणि सराउंड चांगले असतील तर तेच ठेवायचे, फक्त कॉइल बदलायची. जुनी कॉइल जळाली असली तरी फेकायची नाही, कारण सगळी मापं तिच्यातच आहेत: आतला व्यास, वेटोळ्याची उंची, थर दोन की चार, तारेची जाडी, आणि तार ज्यावर गुंडाळली आहे ती नळी कागदाची आहे की अ‍ॅल्युमिनिअमची. कोनाच्या गळ्यापासून वेटोळं किती खाली होतं ते मोजून ठेवायचं. तीन मिलिमीटरनं वर-खाली झालं तर कॉइलचा मोठा भाग गॅपच्या बाहेर राहतो आणि आवाज क्षीण होतो. काम झाल्यावर रीडिंग दुसऱ्या बाजूच्या वूफरशी जुळवायचं. मूळ ६.२ असेल तर ५.९ ते ६.५ चालेल, साडेचार आलं तर परत करा.

तयार कॉइल आणि स्पायडर जवळपास मिळाले नाहीत तर नांदेड-लातूरकरांना हैदराबादेत कोठीची गुजराती गल्ली सोयीची, संभाजीनगर-जालनाकरांना पुण्याची तपकीर गल्ली किंवा मुंबईचा लॅमिंग्टन रोड. जाताना जुनी कॉइल खिशात ठेवा. फोनवर मापं सांगून मागवलेली वस्तू क्वचितच जुळते.

आणि कॉइल का जळाली ते शोधल्याशिवाय नवी लावू नका. ते प्रश्न २१ मध्ये आहे.

१०. कोन दाबला की आत खसखस घासल्याचा आवाज येतो. कारण काय?

कारणं चार. पहिलं, गॅपमध्ये कचरा. जालना, वाळूज, चिकलठाणा भागात, जवळपास लेथ किंवा ग्राइंडिंग चालतं तिथं, लोखंडाचा बारीक कीस हवेतून येतो आणि मॅग्नेट त्याला ओढून घेतो. टोपी काढा, जाड कागदाच्या पट्टीवर चिकटपट्टी उलटी गुंडाळा आणि गॅपमधून फिरवा. पाचसहा पट्ट्या काळ्या होऊन निघतात. ब्लोअर किंवा पंपाची हवा मारू नका, कीस आणखी आत जातो.

दुसरं, कोन खाली लोंबणं. जड वूफर वर्षानुवर्षं उभ्या खोक्यात राहिला की स्पायडर थोडा खाली बसतो. वूफर काढून अर्ध्या फेऱ्यानं फिरवून बसवा, महिन्या-दोन महिन्यांत बहुधा सुधारतो.

तिसरं, जळून फुगलेली कॉइल: करपल्याचा वास येतो. मग प्रश्न ९.

चौथं, पडल्यामुळे सरकलेला मॅग्नेट. यात कोन घासत नाही, अडकूनच बसतो. मॅग्नेट हातोडीनं ठोकून जागेवर आणण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका, मॅग्नेटची काळी फेराइटची चकती ठिसूळ असते. ते काम साचा असलेल्या कारागिराचं.

११. ट्वीटर वाजतोय, पण आवाज दबका झालाय. कोनच नाही, मग दुरुस्त काय करणार?

आधी क्रॉसओव्हरचा कंडेन्सर तपासा (प्रश्न १५). तो चांगला असेल तर फेरोफ्लुइड वाळलं असण्याची शक्यता मोठी. हे चुंबकीय तेल नासात स्टीव्ह पॅपेल यांनी १९६३ साली रॉकेटच्या इंधनासाठी तयार केलं होतं. सत्तरच्या दशकापासून ते ट्वीटरच्या गॅपमध्ये कॉइल थंड ठेवण्यासाठी भरू लागले. वीस-तीस वर्षांत त्याचा डांबरासारखा चिकटा होतो आणि कॉइल त्यात रुतते.

ट्वीटरमध्ये कोनाच्या जागी छोटा घुमट असतो. त्या घुमटाची चकती स्क्रूनं सुटणारी असेल तर ती सरळ वर उचला, गॅप टिपकागदाच्या पट्ट्यांनी कोरडा होईपर्यंत पुसा आणि त्याच दाटपणाचं नवं फेरोफ्लुइड मोजून थोडंसं सोडा. ज्या ट्वीटरमध्ये मुळात ते नव्हतं त्यात घालू नका. वरची तीक्ष्णता मरते.

१२. लहान लेकरानं ट्वीटरचा घुमट बोटानं आत दाबला. बाहेर कसा काढू?

कापडी घुमट असेल तर चिकटपट्टीचा तुकडा हलक्या हातानं टेकवून सावकाश ओढा. पट्टी जुनी, कमी चिकट असलेली घ्या. व्हॅक्यूम क्लीनर थेट लावू नका, घुमट कॉइलसकट उपटला गेलेला मी पाहिला आहे. धातूचा घुमट निघाला तरी घडी राहते. आवाज ठीक असेल तर तसाच राहू द्या. धातू कुठला आहे हे माहीत नसेल तर हात लावण्याआधी प्रश्न १८ वाचा.

१३. मूळ ड्रायव्हर कुठंच मिळत नाही. दुसरा कुठलाही आठ इंची, आठ ओहमचा बसवला तर चालेल ना?

भोकात बसेल, पण आवाज जुळेलच असं नाही. इंच आणि ओहम या दोनच गोष्टी पाहून ड्रायव्हर घेणं म्हणजे उंची पाहून चष्मा घेण्यासारखं आहे.

आधी मागच्या लेबलावरचा नंबर वाचा. फिलिप्सची पद्धत सरळ होती: एडी ८०६०/डब्ल्यू८ म्हणजे ८ इंची, वूफर, ८ ओहम. एडी ५०६०/एसक्यू८ म्हणजे ५ इंची मिड, ८ ओहम. एडी ०१६०/टी८ हा घुमटी ट्वीटर, आणि टी१५ असेल तर तो १५ ओहमचा. हे नंबर जुन्या बाजारात ओळखले जातात. संभाजीनगरात जाफर गेटच्या रविवारच्या बाजारात मोडक्या म्युझिक सिस्टिमच्या ढिगातून मी असे ड्रायव्हर काढले आहेत. खोका मोडका पण ड्रायव्हर शाबूत असलेली दुसरी जोडी मिळाली तर त्याहून चांगला उपाय नाही.

नाहीच मिळालं, तर तीन गोष्टी जुळवा.

वूफरसाठी खोक्याचं गणित. ऑस्ट्रेलियात थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढं सत्तरीच्या सुरुवातीला स्मॉल यांनी ड्रायव्हर आणि खोका यांचं नातं आकड्यांत बसवलं. नव्या वूफरच्या माहितीपत्रकात क्यूटीएस (कोन हलल्यावर किती लवकर थांबतो त्याचा आकडा) आणि व्हीएएस (कोनाच्या आधाराइतकीच लवचीक असलेली हवा, लिटरमध्ये) हे दोन आकडे असतात. बंद खोक्यासाठी व्हीएएसला खोक्याच्या लिटरनं भागा, एक मिळवा, वर्गमूळ काढा आणि क्यूटीएसनं गुणा. समजा खोका २५ लिटरचा, व्हीएएस ६० लिटर आणि क्यूटीएस ०.४. उत्तर येतं सुमारे ०.७४, म्हणजे बेस घट्ट आणि स्वच्छ. त्याच खोक्यात क्यूटीएस ०.६ चा वूफर घातला तर उत्तर १.१ येतं आणि तबल्याचा बायाँ घुमत राहतो. ०.७ ते ०.९ च्या आसपास राहा. नळीवाल्या खोक्यात गणित याहून नाजूक असतं, तिथं मूळ ड्रायव्हर वाचवायचा प्रयत्न शेवटपर्यंत करा.

दुसरं, संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच ताकदीत ड्रायव्हर किती मोठा वाजतो. वूफर ८७ डेसिबलचा आणि नवा ट्वीटर ९१ चा असेल तर गाणाऱ्याचा स आणि श कानाला टोचतो. जास्त आवाजाचा ट्वीटर दोन रेझिस्टर लावून खाली आणता येतो, कमी आवाजाचा वर नेता येत नाही.

तिसरं, ओहम, आणि ते क्रॉसओव्हरसाठी. ८ ओहमच्या ट्वीटरला ६.८ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर साधारण ३००० हर्ट्झच्या आसपास वाट फोडतो. तिथं ४ ओहमचा ट्वीटर लावला की तीच वाट ६००० च्या जवळ जाते, आणि मधले स्वर कुणीच वाजवत नाही.

भोकाचं माप सगळ्यात शेवटी बघा. खोका कानशीनं मोठा करण्याआधी दहादा विचार करा, कापलेलं लाकूड परत येत नाही. कारचा वूफर याच तीन कारणांनी घरच्या खोक्यात बसत नाही: बहुधा ४ ओहम, जड कोन आणि कमी संवेदनशीलता.

१४. एकाच बाजूचा ड्रायव्हर खराब झालाय. दोन्ही बदलायचे का?

मूळ नंबरचाच मिळाला तर एक पुरे. वेगळ्या बनावटीचा असेल तर दोन्ही बाजूंना सारखा, नाहीतर गायक मधोमध उभा राहत नाही, एका बाजूला सरकतो. फोमही दोन्हीकडे एकाच वेळी बदला, दुसऱ्याचं वय तेवढंच आहे. बीबीसीच्या आराखड्याचे एलएस३/५ए सारखे स्पीकर तर कारखान्यातच जोडी जुळवून निघायचे. त्यात १९८७ च्या आधीचे १५ ओहमचे आणि नंतरचे ११ ओहमचे, त्यांची सरमिसळ करू नका.

१५. ड्रायव्हर चांगले आहेत तरी आवाज मेल्यासारखा येतो. क्रॉसओव्हरमध्ये काय बघू?

कंडेन्सर. जुन्या क्रॉसओव्हरमध्ये धन-ऋण नसलेले इलेक्ट्रोलायटिक कंडेन्सर असतात, ते उन्हाळे सोसून आतून सुकतात. एक पाय सोडवून मोजा. छापील आकड्यापासून फार सरकला असेल तर बदला, दोन्ही खोक्यांत. साधा धन-ऋण असलेला पॉवर सप्लायचा कंडेन्सर तिथं लावू नका. फिल्म कंडेन्सर टिकाऊ असतो, पण त्याचा अंतर्गत विरोध कमी असल्यानं ट्वीटर थोडा तीक्ष्ण वाटू शकतो.

१६. जुन्या स्पीकरचा मॅग्नेट कमजोर होतो म्हणतात. खरं का?

फेराइटचा, म्हणजे काळ्या चकतीचा, घरगुती वापरात होत नाही. अल्निकोचा, म्हणजे जुन्या ड्रायव्हरमधल्या मिश्रधातूच्या मॅग्नेटचा, होऊ शकतो: जबर धक्का, कॉइलमधून अतोनात करंट, किंवा कुणीतरी मॅग्नेट उघडून मधला तुकडा बाहेर काढला तर. म्हणून अल्निकोचा ड्रायव्हर साफसफाईसाठीही मागून उघडू नका. उघडला की चुंबकत्व उतरतं, आणि ते परत भरायला मोठं यंत्र लागतं.

१७. मीटर भलतंच रीडिंग दाखवतो: एकात सातशे ओहम, दुसऱ्यात एकसुद्धा पुरता नाही. दोन्ही गेले का?

दोन्ही चांगले असू शकतात. फिलिप्सनं पन्नाशी-साठीच्या दशकांत काही व्हॉल्व्हच्या रेडिओंसाठी ८०० ओहमचे स्पीकर बनवले होते, आउटपुट ट्रान्सफॉर्मर वाचवायला. त्याला ‘खराब’ म्हणून ८ ओहमचा लावला तर रेडिओच बिघडतो. उलट बोस ९०१ च्या नंतरच्या आवृत्त्यांमध्ये एकेका खोक्यात नऊ लहान ड्रायव्हर सीरीजमध्ये, म्हणजे एकामागोमाग एक जोडलेले, असतात, प्रत्येकी एक ओहमच्या आसपास. एक तुटला की पूर्ण खोका मुका होतो. एकेक मोजून तुटलेला शोधा आणि त्याच्या जागी तसलाच लावा, ८ ओहमचा नव्हे.

१८. यामाहा एनएस-१००० चा घुमट तडकलाय. घासून, चिकटवून घेऊ का?

हात लावू नका. १९७४ पासूनच्या या स्पीकरचे मिड आणि ट्वीटरचे घुमट बेरिलिअमचे आहेत. अखंड घुमटापासून धोका नाही, पण त्याची धूळ श्वासात गेली तर फुप्फुसांना कायमची इजा होते. घासायचं नाही, झाडायचं नाही, फुंकायचं नाही. तुकडे ओल्या कागदानं उचला, पिशवीत बंद करा, आणि पूर्ण ड्रायव्हर बदला.

१९. आजोबांच्या व्हॉल्व्ह रेडिओचा स्पीकर: मागं मॅग्नेट नाही, तारेचं मोठं बंडल आहे. हे काय?

तो फील्ड कॉइलचा स्पीकर. बंडलातून वीज गेली की चुंबक तयार होतो, आणि तेच बंडल रेडिओच्या पॉवर सप्लायमध्ये चोकचंही, म्हणजे वीज सपाट करणाऱ्या कॉइलचंही, काम करतं. तिथं दोन-तीनशे व्होल्ट असतात, प्लग काढल्यावरही कंडेन्सरमध्ये काही काळ राहतात. व्हॉल्व्हचं काम येणाऱ्यालाच द्या. साधा मॅग्नेटचा स्पीकर लावायचा झाला तर बंडलाच्या जागी योग्य चोक किंवा रेझिस्टर लागतो.

२०. ड्रायव्हर दुसऱ्या गावी दुरुस्तीला कसा पाठवू?

फक्त ड्रायव्हर पाठवा, खोका नको. काढण्याआधी वायरींचा फोटो घ्या. धन-ऋण उलटं लागलं तर दोन्ही वूफर एकमेकांचा बेस खातात. ड्रायव्हर प्लायवुडच्या तुकड्यावर चारही भोकांतून बोल्टनं आवळा, कोन प्लायच्या बाजूला. मग खोक्यात चारही बाजूंनी थर्माकोल. एसटीच्या किंवा ट्रॅव्हल्सच्या डिकीत उन्हाळ्यात दिवसभर भट्टी असते, रात्रीची गाडी बघा. परत बसवताना भुशाच्या पाटीत स्क्रू फिरत असेल तर भोकात डिंक लावलेली बांबूची काडी खोचा, आणि समोरासमोरचे स्क्रू थोडे थोडे आवळा.

२१. कॉइल एकदा बदलली, वर्षभरात पुन्हा जळाली. का?

दोन चोर आहेत. पहिला अ‍ॅम्प्लिफायरमधून येणारा डीसी, म्हणजे एकाच दिशेनं वाहणारी वीज. स्पीकर सोडवून अ‍ॅम्प्लिफायरच्या आउटपुटवर मीटर डीसी मिलिव्होल्टला लावा. ५० च्या आत असेल तर ठीक. शंभरच्या वर गेला तर आधी अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करा, मग वूफर. दुसरा चोर कमी ताकदीचा अ‍ॅम्प्लिफायर पूर्ण पिळणं. त्याचा आवाज कापला जातो आणि तो कापलेला आवाज ट्वीटर जाळतो. फाटल्यासारखं वाटलं की बटण मागं घ्या.

लाइट गेली की अ‍ॅम्प्लिफायर बंद करा आणि आवाज शून्यावर आणा. लाइट परतताना येणारा ‘धप्प’ एका झटक्यात जुनी कॉइल नेऊ शकतो. खेड्यापाड्यांत दिवसातून पाच वेळा हे होतं.

२२. नवा ड्रायव्हर बसवला. जुना टाकून देऊ?

ठेवा. जळालेल्या ड्रायव्हरचा मॅग्नेट, फ्रेम, टोपी, पुठ्ठ्याची कडी, सगळं उद्या कामाला येतं, आणि मूळ ड्रायव्हर सोबत असलेल्या जोडीला घेणारा जास्त मान देतो. कोनावर पुठ्ठ्याचं झाकण बांधा, कुठल्या खोक्यातला ते लिहा, कोरड्या जागी ठेवा.

खोका बंद करण्याआधी आतल्या भिंतीवर एक चिठ्ठी चिकटवा: तारीख, काय बदललं, कॉइलचं रीडिंग किती आलं. मागच्या पावसाळ्यात परभणीहून आलेल्या एका जोडीत उजव्या वूफरच्या मॅग्नेटवर पेन्सिलीनं कुणीतरी ‘१४/८/८४ कॉइल ५.८’ एवढंच लिहिलं होतं. डावा ६.४ दाखवत होता. त्या एका ओळीमुळे दोन तासांचा शोध वाचला.